ठीक आहे, ठोठावू नका

९ नोव्हेंबर, व्हाइटहॉर्स. उणे ११.

आज पेटी ट्रकवर चढवली. सगळे तिला कॅम्पर म्हणतात, पण ती पेटीच आहे. एका माणसाला पुरेल एवढं घर, चार जॅकच्या पायांवर उभं. ट्रक उलटा चालवत तिच्या पोटाखाली न्यायचा, पाय हळूहळू आखडते घ्यायचे, ती हौद्यात बसली की चारही कोपऱ्यांच्या साखळ्या ताणायच्या. काम दोघांचं आहे: एक चालवतो, दुसरा मागे उभा राहून हात दाखवतो. माझा जोडीदार गॅरेट खाणीवर आहे, त्यामुळे मी हातभर मागे घ्यायचे, उतरून बघायचे, परत चढायचे. दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली. सरळ बसली.

शेवटी शेवटी नॉर्म आला. रस्त्याकडेच्या हवामान-स्टेशनांची देखभाल करायचं कंत्राट त्याचं, आणि हिवाळ्यातली प्रत्यक्ष कामगिरी या वर्षी माझी.

"एकटीच?" त्याने विचारलं.

"गॅरेट खाणीवर दोन आठवडे आत असतो, दोन आठवडे बाहेर. बाहेर असेल तेव्हा तो बरोबर येईल."

"आणि आत असेल तेव्हा?"

"तेव्हा मी आहे."

नॉर्म थोडा वेळ टायरला लाथा मारत राहिला. "फेब्रुवारीअखेरपर्यंत बघू. स्टेशनं चालू राहिली आणि तू धड राहिलीस, तर पुढचे तीन हिवाळे तुझे. नाहीतर मी आपला मोटेलवाला माणूस परत ठेवतो."

"मोटेलं बंद पडलीत सगळी."

"म्हणूनच तुझ्याशी बोलतोय ना."

ही वही कॅम्पर थंडीत कसा चालतो याच्या नोंदींसाठी आहे. बाकी काही लिहायचं झालं तर थोडक्यात.

गॅरेटचं खोकं बाकाखाली ठेवलं. स्केट्स, गळ, लोकरी मोजे. त्याच्या बाजूने वजन थोडं जास्त झालं म्हणून पाण्याचे कॅन दुसऱ्या बाजूला सरकवले.

१५ नोव्हेंबर, क्लुआनी तळ्याकाठचा थांबा. उणे १९.

पाण्याची टाकी रिकामीच ठेवते. पाणी कॅनमध्ये, आत. बॅटरी बाकाखाली, उबेत, कारण गोठलेली बॅटरी चार्ज केली की कायमची जाते. प्रोपेनच्या सिलिंडरभोवती विजेची गरम पट्टी गुंडाळली आहे. उणे बेचाळीसला प्रोपेनचा वायू होणंच थांबतं आणि हीटर विझतो. तिथवर पारा जाण्याआधी पट्टी चालू हवी.

खरा शत्रू थंडी नाही, ओल आहे. एका माणसाच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी निघतं. ते बाहेर गेलं नाही तर भिंतीवर गोठतं, गादीखाली गोठतं. आतल्या स्क्रूंच्या डोक्यांवर सकाळी बर्फाच्या पांढऱ्या गुंड्या दिसतात. म्हणून छताची झडप दोन बोटं उघडी. कायम. ऊब जाते, पण ओलही जाते. दोन माणसं असतील तर तीन बोटं लागतील असा हिशेब केला होता. सध्या दोन पुरतात.

गॅरेटचा निरोप आला. या रस्त्यावर फोन चालत नाही. उपग्रहावरून दोन ओळी धाडणारं छोटं यंत्र आहे. "एक शिफ्ट वाढवून घेतली. पुढच्या वेळी नक्की. चालेल ना?"

मी लिहिलं, "चालेल."

१८ नोव्हेंबर. उणे २३.

या रस्त्यावर हिवाळ्यात गाडी उभी दिसली की मागून येणारा थांबतो. उतरतो, काच वाजवतो, ठीक आहे ना विचारतो, निघून जातो. मीही थांबते. न थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण मी मुद्दाम उभी आहे की गाडी बंद पडली आहे हे बाहेरून कुणाला कळणार?

आज तिघं. आधी ट्रेलरवाला, "ठीक आहे ना?" मग बीव्हर क्रीकला निघालेलं एक जोडपं. बाई म्हणाली, "अगं बाई, एकटी?" आणि नको म्हणेपर्यंत बिस्किटांचा पुडा हातात कोंबून गेली. तिसऱ्याला काही विचारायचंच नव्हतं. त्याला हीटर कुठला बसवला ते बघायचं होतं. दर वेळी दार उघडलं की आतला पारा सहा अंशांनी उतरतो. पुन्हा चढायला अर्धा तास.

२० नोव्हेंबर. उणे २१.

रस्त्याकडच्या खिडकीत आतून कागद चिकटवला. जाड काळ्या अक्षरांत: ठीक आहे. ठोठावू नका.

परिणाम लगेच दिसला. ट्रेलर सावकाश होतो, दिवा टाकतो, वाचतो, भोंगा देऊन निघून जातो. दिवसभरात दार एकदाही उघडलं नाही. गॅस सुमारे एक दशांश कमी लागला.

२७ नोव्हेंबर. उणे २८.

कागद असूनही आज कुणीतरी ठोठावलं. मुठीने, दोनदा.

दारात पन्नाशी ओलांडलेली बाई, नारिंगी जाकीट, भुवयांवर बर्फ. मागे तिची बर्फ ओढायची अजस्र गाडी घुरघुरत उभी.

"कागद लावलाय," मी म्हटलं.

"बघितला. अक्षर छान आहे."

"मग?"

"मग काय, ठीक असलेल्या माणसाकडे चहा असतो. बिघडलेल्याकडे कुठला?" तिने बुटाची टाच पायरीवर आपटली. "मी बर्निस. बर्वॉश गावची. इथून पुढचा साठ किलोमीटर रस्ता माझा."

मी चहा दिला. तिने तो दारातच उभं राहून संपवला; आत बोलवावं असं मला सुचलं नाही. दार उघडंच राहिल्याने आतला पारा नऊ अंशांनी उतरला. जाताना म्हणाली, "येते गं, पेटीवाले."

४ डिसेंबर. उणे ३०.

सहाव्या स्टेशनचा वारा मोजणारा पंखा बदलला. हातमोजे काढून चार स्क्रू. प्रत्येक स्क्रूनंतर बोटं काखेत.

बर्निस परत आली. या वेळी दारात थांबली नाही. बाकावर बसली आणि खिशातून भोकांची एक लाकडी फळी आणि पत्ते काढले. क्रिबेज. गुण झाले की फळीवरच्या खुंट्या पुढे सरकवायच्या. मला खेळ येत होता. वडिलांनी शिकवला होता.

"दुसरं बूड कुणाचं?" दुसऱ्या बाकाकडे बघत तिने विचारलं.

"गॅरेट. खाणीवर असतो. पुढच्या आठवड्यात येतोय."

"अच्छा. म्हणून तिथे कुणाला बसू देत नाहीस."

तिथे उपकरणांच्या पेट्या ठेवल्या होत्या. तसं सांगितलं. "हो हो, उपकरणं," ती म्हणाली आणि माझ्या नजरेआड दोन गुण लाटले. मी पकडले. ती जोरात हसली. रेडिओच्या खरखरीसारखं, तुटक तुटक हसते. दोन डाव झाले. दोन्ही मी जिंकले.

१३ डिसेंबर. उणे २६.

निरोप: "खाणीवरून सुटलो, पण थेट केलोनाला जातोय. नाताळ ताईकडे. तू पण ये ना. वाटलं तर."

मी विचार केला. वर्षअखेरपर्यंत दोन स्टेशनं बाकी होती. "स्टेशनं आहेत. तू जा," लिहिलं.

दहा मिनिटांनी: "नक्की? मी आलो नाही तरी चालेल?"

"चालेल."

प्रश्न विचारला गेला, उत्तर दिलं. त्यानंतर निरोप आला नाही. संध्याकाळी यंत्र एकदा बंद करून चालू केलं. कधीकधी संदेश अडकतात. अडकला नव्हता.

२५ डिसेंबर. उणे ३३.

पारा मोजला, साखळ्या ताणल्या. थंडीत आणि खड्ड्यांत त्या सैल पडतात. डबाबंद सूप.

बर्निसने पायरीवर मूस हरणाच्या मांसाचा डबा ठेवला होता, वर तव्यावरची जाड भाकरी. ठोठावलं नव्हतं. बहुतेक सणासुदीला कागदाचा मान ठेवला. मांस चांगलं शिजलं होतं.

६ जानेवारी. उणे ३१.

सातव्या स्टेशनच्या सेन्सरची तार जोडत होते. केसाहून बारीक तार, भिंगाखाली, श्वास रोखून. ठोठावलं. हात हलला, सेन्सरची चकती तडकली. जवळ दुसरी नाही. येईपर्यंत सातवं स्टेशन आंधळं.

मी दार उघडलं आणि जे तोंडात आलं ते बोलले. बोलले ते तसंच लिहिते: "तुम्हाला वाचता येत नाही का? सोबत हवी असेल तर कुत्रा पाळा."

बर्निसच्या हातात फळी होती. तिने ती जाकिटात परत सरकवली.

"होता," ती म्हणाली. मग, "बरं." आणि निघून गेली.

माझ्या म्हणण्यात तथ्य होतं. कागद स्पष्ट आहे.

११ जानेवारी. उणे २९.

बर्फगाडी सकाळी गेली. थांबली नाही. भोंगाही नाही.

१४ जानेवारी. उणे ३४.

बर्फगाडी सकाळी नेहमीपेक्षा उशिरा गेली. निळा दिवा छतावर दोनदा फिरला. थांबली नाही. काम सलग होतं, हे बरं आहे. सातव्याची नवी चकती बसवली. संध्याकाळी एकटीच क्रिबेजचे पत्ते मांडून पाहिले. दोन्ही बाजू आपणच खेळलो तर खेळात काही अर्थ उरत नाही.

१९ जानेवारी. उणे ३८.

गॅरेट: "शुक्रवारी व्हाइटहॉर्सला उतरतोय. मित्राची पिकअप मिळतेय. संध्याकाळपर्यंत तळ्यावर पोचतो. भेटायला हवं."

"ठीक आहे," लिहिलं. मग पुन्हा यंत्र उघडून, "रस्ता चांगला आहे," असंही लिहिलं. रस्ता खरंच चांगला आहे. बर्निसने स्वच्छ ठेवलाय.

दुसऱ्या बाकावरच्या पेट्या पुढे ट्रकच्या केबिनमध्ये हलवल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार. उणे ४१ आणि उतरतोय.

त्याला थंडी सोसत नाही. मागच्या मार्चमध्ये, पेटी घेतली तेव्हाच्या पहिल्या रात्री, सारखं म्हणत होता, "टॅम, ती झडप लाव गं, मानेवर वारा येतोय." मी लावली नव्हती. आज लावली. एका संध्याकाळने फरक पडत नाही. हीटर नेहमीपेक्षा सहा अंश वर ठेवला.

बर्निसने आणलेल्या मूसचा उरलेला तुकडा बाहेर गोठवून ठेवला होता. तो बटाटे-गाजरं घालून दुपारपासून मंद आचेवर ठेवला. काचांवरून पाणी ओघळतंय. इतकं उबदार आत कधीच नव्हतं. मी पातळ शर्टात बसले आहे.

चारला अंधार पडला. यंत्राकडे सारखं बघणं होत होतं म्हणून ते पुढे केबिनमध्ये नेऊन डॅशबोर्डवर चार्जिंगला लावून आले. गाडी आली तर दिवे दिसतीलच.

नंतर: पुढे जाऊन नॉर्मला रोजचा "आजचा दिवस संपला, ठीक" निरोप धाडला. गॅरेटचा तिथे येऊन पडला होता. "जंक्शनपर्यंत आलो होतो. इथूनच मागे फिरतोय. खरं सांगू का टॅम, तुझ्याकडे यायला निघालो की वाटतं, तुला कुणी यायला नकोच आहे. तू नेहमी ठीकच असतेस. माफ कर. खोकं कधी जमेल तेव्हा."

हेन्स जंक्शनपासून इथे यायला एक तासही लागत नाही.

उत्तर लिहिलं नाही. यंत्र तिथेच ठेवून आत आले, आणि जेवले.

२५ जानेवारी, रविवार. रस्तेवाल्यांचा तळ. उणे ४०.

काल काय झालं ते क्रमाने लिहिते. नॉर्मलाही हेच पाठवायचं आहे.

शनिवारी सकाळी जाग आली ती शांततेने. हीटरचा पंखा बंद. आत उणे नऊ. कारण शोधायला वेळ लागला नाही. सहा अंश जास्त ठेवल्याने पंखा रात्रभर थांबलाच नव्हता; त्याने बॅटरी संपवली. बॅटरी संपली तेव्हा सिलिंडरची गरम पट्टी थंड झाली. बाहेर उणे चव्वेचाळीस. प्रोपेनचा वायू होणं थांबलं. साखळीतली एक कडी गेली की बाकीच्या आपोआप जातात.

उपाय सोपा होता. पुढे जायचं, ट्रक सुरू करायचा, बॅटरी भरायची. कपडे चढवले, दाराची कडी फिरवली. दार हललं नाही.

दिवसभर शिजलेल्या रश्श्याची वाफ, झडप बंद, सगळ्यात थंड जागा म्हणजे दाराची चौकट. रबराच्या पट्टीवर पाणी जमलं होतं आणि गोठलं होतं. चारही बाजूंनी बोटभर जाडीची काच ओतल्यासारखी. कडीचा खिळासुद्धा आत अडकला होता. खांद्याने ढकललं. मग लाथा. पेटी हलायची, दार नाही.

इंजिन माझ्यापासून दोन मीटरवर होतं. निरोपाचं यंत्र अडीच मीटरवर. पुढे जायला आतून वाट नाही.

पुढचा निरोप संध्याकाळी जायचा होता. तो नाही गेला तर नॉर्म दोन तास वाट बघणार, मग फोन फिरवणार. शोधायला येईपर्यंत मध्यरात्र. आत तासाला तीन अंश उतरत होते. झोपायची पिशवी उणे तीसपर्यंतची आहे. बेरीज-वजाबाकी जुळत होती, पण काठावर.

मग रस्त्यावर आवाज आला. ट्रेलर. सावकाश झाला. त्याचा दिवा खिडकीवर पडला, काचेवरचा बर्फ उजळला, आणि त्या उजेडात मला माझ्याच कागदाची मागची बाजू दिसली. अक्षरं उलटी, पण मला ती पाठ आहेत.

मी पातेलं भिंतीवर आपटलं. त्याचं इंजिन सुरू होतं. ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याने भोंगा दिला. छोटा, मैत्रीचा. आणि गेला.

कागद काढायला गेले. तो काचेवर बर्फाखाली होता. उलथन्याने खरवडला. फक्त एक कोपरा फाटून हातात आला. दुसरी गाडी आली. तिनेही वाचलं. तिनेही भोंगा दिला.

कुणाचीच चूक नव्हती. त्यांनी वाचलं आणि माझं ऐकलं.

काच फोडायचा पर्याय होता, पण मग आतही बाहेरइतकीच थंडी झाली असती. उपकरणांच्या पेट्या गॅरेटसाठी पुढे नेल्या होत्या, पण साफसफाईच्या स्पिरिटची बाटली सिंकखाली राहिली होती. ती काखेत धरून कोमट केली आणि चौकटीवर वरून थेंबथेंब सोडली. पट्टीच्या एका बाजूला बर्फ मऊ होत गेला. तिथे सुरी घातली, पुढे सरकले. बाटली संपत आली तेव्हा खालचा कोपरा उरला होता. तो लाथेने.

दार उघडलं तेव्हा उजाडलं होतं. श्वास आत घेतला की नाकातले केस ताठ होत होते.

ट्रकने किल्लीला टक्-टक् इतकंच उत्तर दिलं. रात्री दोनदा उठून इंजिन चालवायचं असतं. मी उठले नव्हते. निरोपाच्या यंत्राचा पडदा काळा. ते शर्टाच्या आत पोटाशी धरलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. हात वर केले तर काखा उघड्या पडतात. म्हणून नुसतीच उभी होते.

बर्फगाडीचा निळा दिवा लांबून दिसला. ती सरळ येत होती, वेग कमी न करता, आणि तिने तसंच निघून जावं यात मला गैर काही वाटलं नसतं. मी बाजूला झाले नाही. शेवटी ती थांबली. पातं खाली टेकलं, रस्ता हादरला. बर्निसने काच अर्धी खाली घेतली. चेहरा कोरा होता.

"काय गं. कागद तर अजून लावलेलाच दिसतोय."

ओठ हलत नव्हते.

"ठीक आहेस ना?" तिने विचारलं. तोच प्रश्न, रस्त्यावर सगळे विचारतात तसा, उत्तर ठरलेलं असतं तसा.

"नाही," मी म्हटलं.

हा शब्द नीट उमटला नाही, म्हणून परत म्हटलं. "नाही. ठीक नाहीये."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडचं दार आतून ढकलून उघडलं. "चढ."

केबिनमध्ये इतकं गरम होतं की दुखलं. तिने माझे हातमोजे ओढून काढले, बोटं पाहिली, "राहतील" म्हणाली आणि थर्मासचा चहा माझ्या दोन्ही तळव्यांत धरवला, वरून आपले हात लावून, कारण मला तो धरता येत नव्हता. रेडिओवर कुणाला तरी सांगितलं, "एक सवारी घेतेय. पेटीवाली. हो, तीच." पलीकडून कुणी काही म्हणालं. "नाही रे, चावत नाही," ती म्हणाली.

काही किलोमीटर मागे पडले.

"त्या दिवशी," मी म्हटलं, "कुत्र्याचं..."

"म्हातारा होता. तेरा वर्षं याच सीटवर बसला." तिने पात्याची दांडी खाली केली. "तुझ्यापेक्षा कमी बोलायचा."

"मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. मग एक वळण घेऊन: "आणि हे बघ, मी काय तुझा जीव वाचवायला ठोठावायचे? दिवसभर गाडीत रेडिओ नुसता पारा सांगतो. मला चहा हवा असायचा. आणि हरवायला कुणीतरी."

"तुम्ही एकदाही हरवलं नाहीत."

"म्हणून तर परत यायचे."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीतून एकदम उबेत आलं की येतं.

दुपारी तळावरच्या दोघांनी जाऊन माझा ट्रक ओढून आणला, इंजिनाच्या हीटरला वीज लावली. आता सुरू होतो.

२८ जानेवारी. उणे २७.

नॉर्मला सगळं कळवलं, कारणांसह. त्याने फोन केला. फोन तळावर चालतो.

"मध्यरात्रीपर्यंत तुझ्यापर्यंत कुणी पोचलंही नसतं," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे एकटीने जमत नाही."

हा प्रश्न नव्हता. तरी मी उत्तर दिलं. "कॅम्पर चालतो. स्टेशनं नऊच्या नऊ चालू आहेत. पण एकटीने जमत नाही. बरोबर."

तो म्हणाला, "कंत्राट हवं असेल तर एक अट. रोज एकदा, ठरलेल्या वेळी, रस्तेवाल्यांपैकी कुणीतरी तुला डोळ्यांनी बघायचं. रेडिओवर नाही. डोळ्यांनी. कुणी करेल का तसं?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

बर्निसला विचारलं. "मला त्याचे पैसे मिळणार?" तिने विचारलं. नाही म्हटलं. "मग जमेल," ती म्हणाली. "पैसे मिळाले असते तर काम झालं असतं."

२ फेब्रुवारी. उणे २२.

गॅरेटला निरोप पाठवला. तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिला. "मी नेहमी ठीक नव्हते. नाताळात तू यायला हवं होतंस. हे तेव्हा सांगायला हवं होतं. खोकं पाठवतेय."

उत्तर संध्याकाळी आलं: "सांगितलं असतंस तर आलो असतो." खरं असेल, नसेल. आता तपासता येणार नाही.

खोकं बर्निसच्या सहकाऱ्याबरोबर व्हाइटहॉर्सला गेलं. अकरा किलो. त्या बाजूचा भार कमी झाल्यामुळे पाण्याचे कॅन मधोमध आणले आणि साखळ्या पुन्हा ताणल्या. दुसरा बाक रिकामा आहे. तिथे काही ठेवलं नाही.

९ फेब्रुवारी, तळ्याकाठचा थांबा. उणे ३५.

सुधारणा: दाराच्या रबराला सिलिकॉन लावलं. चौकटीभोवती गरम तार. सिलिंडरच्या पट्टीसाठी वेगळी बॅटरी. निरोपाचं यंत्र झोपताना पिशवीत. स्पिरिटच्या दोन बाटल्या दाराशेजारी. झडप दोन बोटं उघडी, कुणी काही म्हणालं तरी.

खिडकीतला उरलेला कागद काल ऊन आलं तेव्हा सुटला. काच पुसली. त्यावर दुसरं काही लावलेलं नाही. लोक ठोठावतात. आज चौघं. पारा उतरतो. सरासरी काढली तर दिवसाला पाव किलो गॅस जास्त लागतो. एवढा परवडतो.

२० फेब्रुवारी. उणे ३१.

दुपारी बर्फगाडीचा आवाज आला, थांबला. टाच पायरीवर आपटली. मुठीने दोनदा ठोठावलं.

मी दाराशीच उभी होते. लगेच उघडलं. चौकट गोठली नाही ना, ते तपासायचंच होतं.

"काय गं," बर्निस फळी काढत म्हणाली, "वाट बघत होतीस की काय?"

"रबर तपासत होते."

"हो हो. रबर." ती आत आली आणि दुसऱ्या बाकावर बसली. "सुटतं का मग?"

सुटतं. झडप तीन बोटं केली.